ताडकळसच्या बाजारातली अदलाबदल

चंद्रभान मास्तर सकाळी पोखर्णीला गेले, की दुपारच्या आत ती बातमी गावात भगवानरावाच्या ओट्यावर पोचलेली असायची. एसटीचा कंडक्टर टपरीवाल्याला सांगे, टपरीवाला पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरला, आणि चहाच्या कपाबरोबर मास्तरांचा ठावठिकाणा हातोहात पुढं सरके. बायकोसाठी खोकल्याचं औषध घेतलं, तेही कळायचं. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आपण कुठं गेलो, कुठं बसलो, एवढंसुद्धा माणसाचं त्याच्यापाशी राहू नये?

या पाळतीचं कारण उघड होतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर, अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात, गावातल्या बौद्धवस्तीला आग लावली गेली. चांगुणाबाई आणि तिचं अख्खं कुटुंब घरातच जळून गेलं. दाराला बाहेरून कडी होती. मास्तरांनी वस्तीच्या तोंडाशी उभं राहून पळणारी माणसं पाहिली, तीही पाठमोरी. त्यांत भगवानराव असावा, यापलीकडं त्यांना छातीठोक सांगता येत नव्हतं. तेवढ्यावर भगवानरावावरचा खटला उभा होता. दोन वर्षं रखडून आता परभणीच्या कोर्टात साक्ष लागली होती. या खेपेला साक्षीदार आला नाही तर खटला संपला, असं कोर्टानं बजावलं होतं, आणि मास्तर पोचूच नयेत म्हणून भगवानरावाची माणसं दिवसाढवळ्या पाळतीवर होती.

मास्तर गणित शिकवायचे. त्यांनी वस्तीतल्या पुरुषांना विहारात बसवून सगळं समजावलं.

"साक्षीच्या दिवशीच बाजार हाय. त्या दिवशी समद्यांनी घोंगडी पांघरून ताडकळसला यायचं. बैलबाजारामागच्या कापसाच्या पडक्या जिनिंगात शिरायचं, तिथं अंगावरचं एकमेकाला द्यायचं, आन् मागच्या दारानं पांगायचं. पाळतीवरचे कुणाकुणाच्या मागं जातील?"

"आन् मास्तर समजून मलाच गाठलं तर?" त्यांचा मेहुणा सिताराम म्हणाला.

"म्हणून तर समदे पायजेत. एकट्यानं बदललं तर त्यो उघडा पडतो. समद्यांनी बदललं तर कुणाचाच माग लागत न्हाई. पर बाकीचे जातील, मी कशाला मार खाऊ, असं ज्यानं त्यानं म्हटलं की मी मेलो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सितारामनं तर शपथ घेतली.

बाजाराच्या सकाळी भुरभुर पाऊस होता. बारमाही अंगात असलेला तपकिरी कोट घालून मास्तर मिरच्यांच्या ढिगांमधून चालले, तेव्हा पानाच्या ठेल्यावरचे दोघं उठले आणि मागं लागले. लपायचीसुद्धा गरज वाटत नव्हती त्यांना. मास्तर दात-ओठ खात जिनिंगात शिरले.

आत अंधार होता. पत्र्यावर पाऊस वाजत होता. घोंगड्या डोक्यावरून घेतलेली माणसं भिंतीपासून भिंतीपर्यंत दाटीनं उभी होती. मास्तरांचा ऊर भरून आला.

"आलात रे बाबांनो," ते म्हणाले.

एवढी माणसं, पण एकाचाही खोकला नाही. बिडीशिवाय घटकाभर न राहणारी माणसं, आणि बिडीचा वासही नाही. भेदरली असतील, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी कोट काढून पुढं केला.

तो घ्यायला जो हात आला, त्यात काकणं होती.

मास्तर भडकले. बायामाणसांना यात ओढायचं नाही, असं निक्षून सांगितलं होतं. त्यांनी ते मनगट धरलं आणि चटकन सोडलं. तवा असावा तसं तापलेलं होतं.

"अगं, ताप अंगात घेऊन आलीस व्हय?"

कोट गेला, एक घोंगडी हातात आली. मागचं दार उघडलं आणि सगळी बाहेर पडली.

चिखलात पाय पडत होते. आवाज येत नव्हता.

मागं लागलेले दोघं कुठं दिसेनात, पण विचार करायला सवड नव्हती. घोंगडी पांघरून मास्तरांनी परभणीकडं निघालेली मालट्रक गाठली. पुढं नाल्याला पाणी आलं आणि ट्रक अडकून पडली. मास्तर काठावर येरझाऱ्या घालत पावसाला शिव्या देत राहिले. पाणी उतरून कोर्टात पोचेपर्यंत दुपार कलली होती.

पायऱ्यांवर सिताराम बसला होता. मास्तरांना बघून त्यानं मान खाली घातली.

"दाजी, मला जोड्यानं मारा. म्या सकाळी बाजारात आलोच न्हाई. आता ऱ्हावलं न्हाई म्हणून हितं आलो."

"तू न्हाई तर न्हाई. बाकीचे होते."

"कुणीच न्हवतं, दाजी. वस्तीतलं एक माणूस घराभायेर पडलं न्हाई. ज्याला त्याला वाटलं, बाकीचे जायलेत."

मास्तरांचा संताप अनावर झाला. "लाज वाटू द्या रे! माझ्यासाठी नका येऊ. चांगुणाबाईसाठी तरी यायचं! तिच्या हातचं खाल्लंय तुम्ही समद्यांनी!" ते भर कोर्टाच्या आवारात ओरडले. आणि ओरडता ओरडताच गप्प झाले. मग जिनिंगात होतं कोण, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला.

तेवढ्यात सरकारी वकील दत्तराव बाहेर आले. घामाघूम झाले होते.

"मास्तर, अजून इथंच? आणि कोट कुठं गेला?"

"साहेब, नाल्याला पाणी... उशीर झाला. पाया पडतो, साक्ष घ्यायला सांगा."

"थट्टा करता का? तासापूर्वी साक्ष झाली की तुमची. आवाज बसला होता, पण बोललात खणखणीत. कडी भगवानरावानं घातली, म्हणालात. दाराच्या फटीतून त्याचं तोंड पाहिलं, म्हणालात. तो तिथल्या तिथं मटकन खाली बसला."

मास्तरांनी अंगावरची घोंगडी चाचपली.

"पण मला तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?" दत्तरावांनी आवाज खाली आणला. "न्यायाधीशांनी विचारलं, तुम्ही दाराच्या कोणत्या बाजूला होता. तुम्ही म्हणालात, आतल्या."