फिकी ओळ

काम म्हणाल तर अगदी फुटकळ. वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर रुग्णांची यादी दिसायची. त्यातल्या ओळींचा रंग ठरवणारा एक नियम तेवढा काढून टाकायचा. भर दुपारी प्रोग्रामर येऊन बसला खरा, पण त्याचा हातच उठेना.

कारण तो नियम त्यानेच घातला होता. खाटेजवळचं बटण दाबलं की त्या रुग्णाची ओळ लाल व्हायची. पण काही जण सारखं बटण दाबून सिस्टरना भंडावून सोडत. "अहो, यांचं काहीतरी करा, डोकं उठलंय नुसतं," मोठ्या सिस्टर एकदा म्हणाल्या. "हात्तिच्या! तासात दहाच्या वर गेला की त्याची ओळ फिकी करून टाकतो," म्हणत पठ्ठ्याने लगेच केलंही. वर स्वतःच खो खो हसला.

महिन्याभराने सात नंबरच्या खाटेवर त्याची मावशी आली. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. एकटीला भीती वाटायची तिला. तासाभरात दहादा बटण दाबलं ते पाणी, उशी, असंच काहीबाही. अकराव्यांदा श्वास कोंडला, म्हणून दाबलं. आणि ओळ फिकी झाली. कुणाचं लक्षच गेलं नाही हो!

शेवटी मनाचा हिय्या करून त्याने नियम पुसला आणि यादी पुन्हा उघडली. सगळ्या ओळी काळ्या, ठसठशीत. सातची तेवढी फिकी.

"सिस्टर... सातवर कोण आहे?"

"कोणी नाही. तुमच्या मावशी गेल्या, तेव्हापासून रिकामीच आहे."

ओळीपुढे, बटण किती वेळा दाबलं त्याचा आकडा होता अकरा. बघता बघता बारा झाला.

तो उठून खाटेपाशी गेला. गादी गुंडाळलेली, बटणाची वायर काढून लोखंडी कपाटावर ठेवलेली. तरी मावशीच्या बामाचा वास येत होता...

"मावशी, आलो गं... चुकलं माझं."

"अहो, इकडे या... लवकर," सिस्टरनी हाक मारली.

सातची ओळ लालभडक झाली होती. नावाचा रकाना कोरा. तेरा... चौदा... पंधरा...

"आता दिसतंय," सिस्टर पुटपुटल्या, "पण जायचं कुठे?"

रुग्णापाशी जाऊन आल्यावर सिस्टर ओळीतल्या ज्या 'आलो'वर क्लिक करायच्या, त्यावर त्याने क्लिक केलं. ओळ काळी झाली. त्याने श्वास सोडला.

सोळा. ओळ पुन्हा लाल झाली.