शालिग्रामचा ठोका

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात पदरचं काही नाही. गेल्या जानेवारीत, उतराण, म्हणजे आपली संक्रांत, होऊन गेल्यावर, सुरतेबाहेर कामरेजच्या एका बंगल्यात हे घडलं. ज्याच्यासोबत घडलं तो योगेंद्र आजही पांडेसऱ्यात राहतो आणि प्लंबिंगचीच कामं करतो.

पण काम संपलं की लगेच निघत नाही. पाइपला कान लावून बसतो...

शालिग्राम त्याचा थोरला चुलतभाऊ. दोघे शिरपूरकडचे, दोघे एकाच धंद्यात. पण लोक नाव काढायचे ते शालिग्रामचं. योगेंद्र म्हणजे नुसता "शालिग्रामचा भाऊ".

घरातही सुटका नव्हती. बायको उज्ज्वला ताट वाढता वाढता म्हणायची, "भाऊना हातले यश शे. तुम्हीबी शिकी ल्या."

योगेंद्र ताट सरकवून उठायचा. जळायचा तो. अगदी आतून जळायचा.

शालिग्रामची एक सवय होती. काम मनासारखं झालं, मग ते कुणाचंही असो, की पाइपवर पान्यानं दोनदा हलकेच ठोकायचा.

टक... टक.

तीच त्याची शाबासकी. योगेंद्रच्या कामावर तो ठोका कधी पडला नाही.

कामरेजचं काम शालिग्रामचंच. खाली गॅसचा बॉयलर, गच्चीवर गरम पाण्याच्या दोन टाक्या. मधे पंप नाही, तापलेलं पाणी आपसूक वर चढणार. म्हणून त्यानं सव्वा इंची लोखंडी पाइप आणून ठेवले होते. "पानीले मोठी वाट दे, मंग ते सोता वर जाई," असं तो नेहमी म्हणायचा.

एक टाकी जोडून झाली आणि छातीत कळ येऊन तो गेला.

उरलेली टाकी योगेंद्रकडे आली. भावासाठी तो रडला, खोटं कशाला बोला. पण रडता रडता मनात आलं, आता तरी माझं नाव होईल.

भावाचे पाइप त्यानं बाजूला सारले आणि मुद्दाम पाऊण इंची आणले. त्याच्याच मापानं जोडलं असतं, तर पुन्हा त्याचंच कौतुक झालं असतं.

दिवेलागणीला बॉयलर पेटवून तो एकटा गच्चीवर आला.

शालिग्रामच्या टाकीची तोटी सोडली. पाणी कोमट.

स्वतःच्या टाकीची सोडली...

गार.

आणि तेव्हाच...

टक... टक.

तापलं की लोखंड वाजतं, हे त्याला ठाऊक होतं. पण असं मोजून वाजत नाही.

पुन्हा. टक... टक. शालिग्रामच्याच पाइपवर. योगेंद्रचा पाइप मुका.

दुसरा कुणी पळाला असता. योगेंद्रला राग आला. मेल्यावरही हाच मोठा? त्यानं व्हॉल्व्ह बंद केले आणि भावाच्या टाकीचा पाइपच सोडवून खाली ठेवला. आता सगळं गरम पाणी आपल्याच टाकीत.

घटकाभरानं बंगल्याची शेठाणी चहा घेऊन वर आली. तिनं शालिग्रामच्या टाकीची तोटी सोडली आणि हात झटकन मागे घेतला.

"आ तो बहु गरम छे. शालिग्रामभाईनुं काम, कहेवुं पडे."

तोटीतून वाफ येत होती. त्या टाकीचा पाइप योगेंद्रच्या पायाशी पडला होता.

सुटा पडलेला तो पाइप वाजला...

टक... टक.

शेठाणीनंही ऐकलं. "कोण छे?" तिनं विचारलं. गच्चीवर तिसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी योगेंद्रनं दोन्ही टाक्यांना मुकाट्यानं भावाचे सव्वा इंची पाइप जोडले. दोन्ही सारख्या तापल्या. तो कान लावून बसला. भावाच्या टाकीच्या पाइपवर ठोका पडला. त्याच्या स्वतःच्या टाकीच्या पाइपवर... नाही.

तेव्हापासून प्रत्येक कामावर तो थांबतो. ऐकतो. काही येत नाही.

परवा इच्छापोर गावात सुकलाल भेटला. धंद्यात नवाच आलेला, शालिग्रामला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. चेहरा पांढरा पडला होता.

"भाऊ, काल काम व्हयनं, आनि कोनी ते पाइपवर दोनदा ठोकं. देखं ते कोनीच नही."

योगेंद्रनं त्याला धीर दिला. पाठीवर हातही ठेवला.

त्या रात्री योगेंद्रचा डोळ्याला डोळा लागला नाही. भीतीनं नव्हे. तो ठोका सुकलालला मिळाला होता.