भुरीला खाडी का सोसली नाही

तपासणीयंत्राने तिसऱ्यांदा तेच सांगितलं : खाडीचं पाणी स्वच्छ आहे. मग भुरी आजारी पडली तरी कशी?

भुरी म्हणजे शलाकाने पिल्लू असल्यापासून वाढवलेलं पाणमांजर. चार महिन्यांपूर्वी तिला दूरच्या उपचार केंद्रात नेलं, तेव्हापासून शाळा सुटली की शलाका नुसतीच पाण्याकडे बघत बसे.

"आबा, आता आणूया ना तिला," ती आजोबांना म्हणाली.

आबा शास्त्रज्ञ होते. त्यांनी तिला प्रयोगशाळेत नेलं. नखाएवढ्या काचपट्ट्यांवर त्यांनी भुरीच्या मूत्रपिंडातल्या (रक्त गाळणाऱ्या अवयवातल्या) जिवंत पेशी वाढवल्या होत्या. एका पट्टीवर त्यांनी खाडीचं पाणी सोडलं, दुसरीवर खाडीतल्या खेकड्याचा अर्क.

दुसऱ्या दिवशी पाण्यातल्या पेशी टवटवीत होत्या. अर्कातल्या मेल्या होत्या.

"म्हणजे विष खेकड्यात आहे?"

"पूर्वी इथे रंगांचा कारखाना होता. पिवळ्या रंगासाठी तिथे कॅडमियम (एक विषारी धातू) वापरत. कारखाना गेला, धातू गाळात चिकटून राहिला. गाळातून शिंपल्यांत, शिंपल्यांतून खेकड्यांत..."

"आणि खेकड्यांतून भुरीत."

"हो. मूत्रपिंड तो धातू वर्षानुवर्षं धरून ठेवतं. साठा वाढला की गाळणीच बिघडते, अंगाला हवी असलेली प्रथिनं लघवीतून वाहून जातात."

शलाका त्या पट्टीवर पुन्हा वाकली. "खेकडे मीच भरवायचे तिला."

"आणून मी द्यायचो," आबा हळूच म्हणाले. "मलाही कळलं नव्हतं."

संध्याकाळी केंद्रातून फोन आला. पडद्यावर भुरी पाण्यात कोलांट्या घेत होती. "ती आता सावरली आहे," तिथल्या ताई म्हणाल्या. "घरी पाठवू?"

हो म्हणायला शलाकाचे ओठ उघडले. मग तिची नजर मेलेल्या पेशींच्या पट्टीकडे गेली. "नको. तिथल्याच नदीत सोडा तिला."

फोन ठेवल्यावर आबांनी तिसरी पट्टी दाखवली. गाळाचा संशय आल्यापासून त्यांनी खाडीत गाळ उपसणारी यंत्रं लावली होती; ज्या कोपऱ्यातला गाळ उपसून झाला होता, तिथल्या खेकड्याचा अर्क या पट्टीवर होता. पेशी जिवंत होत्या.

"एवढाच कोपरा?"

"सध्या एवढाच."

बाहेर ओहोटी लागली होती. गाळ उपसणारी यंत्रं खाडीच्या पुढच्या भागात उतरत होती.

"भुरीला पिल्लं झाली आणि ती इकडे आली, तर त्यांना पुरेल एवढी खाडी साफ होईल?"

"पिल्लं मोठी व्हायला वेळ लागतो," आबा म्हणाले. "तोवर आपण आणखी थोडी मोकळी करू."