चालू मिल किती?

आमच्या वीज प्रकल्पात कंट्रोल रूमच्या खुर्चीवर बसायचं तर आधी डोळे बांधून घ्यावे लागत. नियमांच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं. लेखी झाली, तोंडी झाली, की जुना ऑपरेटर उमेदवाराच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि कोळसा दळणाऱ्या मिलच्या रांगेतून त्याला चालवायचा. ही कितवी मिल, हिची तब्येत कशी, हे उमेदवारानं नुसत्या आवाजावरून सांगायचं. सगळा प्रकल्प एकाएकी बंद पडला आणि काळोख झाला, तर माणसाला कानांच्या आणि पायांच्या भरवशावर बाहेर यावं लागतं, म्हणून ही रीत. मला ती पटायची. मी पावलं मोजत चालणारा माणूस आहे, आणि मोजलेलं मी विसरत नाही.

२००६ चा जून होता. वऱ्हाडात बारा-बारा तास लोडशेडिंग. बाळापूरला माझ्या घरी पंखा बंद आणि माझी बायको अलीझा पुठ्ठ्यानं वारा घेत विचारायची, "तुमी तिकडं बिजली बनवता का नुसत्या गप्पा?" मी शाकीब. अकरा वर्षं बॉयलरखालच्या राखेच्या बाजूला पाना घेऊन हिंडलो होतो. नितेश माझ्याबरोबरच लागला, आयटीआयपासूनचा दोस्त. आम्ही दोघंही दोनदा नापास झालो होतो, आणि एक जुलैपासून खुर्चीसाठी डिप्लोमा सक्तीचा होणार होता. म्हणजे या वेळी हुकलं की निवृत्तीपर्यंत राखच.

परीक्षा घ्यायला नत्थुजी होते. तीस वर्षं डेस्कवर काढलेला माणूस, महिनाअखेरीला निवृत्त होणार होता. त्यांचा धडा एकच. "आयकलं ते सांगाचं. असाले पायजे ते नाई."

सकाळी दहाला नितेशचा नंबर लागला. मी दाराबाहेर उभा होतो. वीस मिनिटांनी तो आला तो घामानं निथळत, आणि त्याच्या मागून एका फिटरचं हसू ऐकू आलं. शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा: चालू मिल किती? आमच्याकडे मिल सहा. कोळसा इतका खराब यायचा, की सहाही चालवाव्या लागत. शाळेतलं पोर सांगेल असं उत्तर होतं. नितेशनं सात सांगितलं होतं.

"सात हायेत बे," माझ्या जवळून जाताना तो हळूच म्हणाला. "तू आयकशील."

मग माझे डोळे बांधले गेले. पहिली, दुसरी, तिसरी ओळखायला काहीच जड गेलं नाही. तिसरीचा बेअरिंगचा कुरकुराट मला पाठ होता. चौथी गरम चालत होती, पाचवी ठीक. दोन मिलमध्ये माझी चौदा पावलं पडायची. सहावीनंतर आठ पावलांवर भिंत आणि जिना. सहावीची तब्येत सांगितली आणि मी पुढं निघालो. आठ पावलं झाली. भिंत लागली नाही. हात पुढं केला तर हाताला काहीच लागलं नाही. नत्थुजींचा हात खांद्यावर होता आणि तो मला थांबवत नव्हता. नऊ, दहा, अकरा.

चौदाव्या पावलाला उजव्या गालावर धग आली.

पायाखालची जाळी थरथरत होती. आवाज मिलचाच होता, पण रिकाम्या मिलचा. आत कोळसा नसला की लोखंडावर लोखंड फिरतं, दातावर दात घासल्यासारखं. तो आवाज आला की आम्ही धावत जातो, कारण अशी मिल पाच मिनिटंही चालू देता येत नाही. ही कितीतरी वेळ तशीच चालू असावी. मी घाबरलो.  

"चालू मिल किती?" नत्थुजींनी विचारलं.

मला अकरा वर्षांची राख आठवली. फिटरचं हसू आठवलं.

"सहा," मी म्हणालो.

आवाज तिथेच थांबला. नत्थुजींनी दुपट्टा सोडला. आम्ही जिन्याच्या पायथ्याशी उभे होतो, आणि सहावी मिल मागं आठ पावलांवर होती.

"पास," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता दुपट्ट्याची घडी करत पुन्हा बोलले, "मीबी सहाच सांगतल्या होत्या."

पुढं मी विचारायला तोंड उघडलं तर ते जिना चढून निघून गेले. महिनाअखेरीला हार-तुरे घेऊन ते मुलीकडे अंजनगावला गेले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली.

नितेशला मिलच्या बाजूला टाकलं होतं. कँटीनमध्ये लोक त्याला 'सात नंबर' म्हणून हाक मारत. तो चिडत नव्हता. फक्त माझ्यासमोर येऊन बसायचा.

"शाकीबभाई, एकडाव सांग. कोनाले नाई सांगत मी. आयकली का नाई?"

"नाही रे बाबा."

"मंग मलेच येड लागलं म्हना की." तो कपाळावर बोट ठेवायचा. "आचल म्हंते दवाखान्यात चाल. तू 'हाव' म्हनला तर नाई जात."

आचल ही त्याची बायको. माझ्या एका शब्दानं त्या घरातली काळजी मिटली असती. पण तो शब्द फिरत-फिरत साहेबांपर्यंत गेला असता, तर माझी परीक्षा खोटी ठरली असती. मी चहा संपवून उठायचो. मला माझी लाज वाटायची, आणि तरी मी उठायचोच.

डेस्कचं एक काम फार जोखमीचं असतं. मिल उघडायच्या आधी खालचा माणूस फोन करून विचारतो, अमुक मिल बंद आहे ना? डेस्कवरून 'हाव, बंद' आलं की मगच तो आत जातो. कागद नंतर होतो. आधी शब्द, आणि त्या शब्दावर एका माणसाचा जीव असतो.

अकरा जुलै, सकाळचे सव्वाअकरा. माझ्या खुर्चीमागं साहेब उभे होते, सोबत वरच्या ऑफिसातले दोन पाहुणे. युनिटवर लोड दोनशे चार मेगावॅट, म्हणजे तेवढी वीज बनत होती. फोन वाजला.

"शाकीबभाई, सात नंबरपाशी उभा हाओ."

 मिलकडून फोन केला की मिलच्या धडधडीत ओरडून बोलावं लागतं. नितेश सावकाश बोलत होता, आणि त्याच्या मागं अजिबात आवाज नव्हता.

"काम कर, नितेश."

"कामच करून राहिलो. थांबली ते आता. दरवाजा उघडा हाये. तिकून बंद हाये ना?"

"काय म्हणतोय?" साहेबांनी मागून विचारलं.

"सात नंबर नाहीच," मी फोनमध्ये म्हणालो.

"मंग बंदच समजू?"

एकच वाक्य सांगायचं होतं. मी ऐकली आहे, आत जाऊ नको. पाहुणे माझ्याकडे बघत होते.

"हाव," मी म्हणालो. "बंद."

"बरं," तो म्हणाला, जिवाला बरं वाटल्यासारखा.

फोन ठेवल्याचा आवाज आला.

नितेश त्या दिवशी खालून वर आला नाही. एकेक करून सहाही मिल उघडून पाहिल्या. काही निघालं नाही. त्या दिवसांत वऱ्हाडातला माणूस घरी परतला नाही की लोक आधी विहिरी बघत. त्याही बघून झाल्या. आचल गेटवर आली आणि तिनं मला विचारलं, "दादा, तुमाले फोन केला होता म्हंतात. का बोलले ते?" मी सांगितलं, कामाचंच बोलला. ती मान हलवून गेली. त्या दिवसापासून मला धड जेवण जात नाही.

आठवड्यानं साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यापुढं अकरा तारखेचा ग्राफ होता. मला वाटलं, सगळं उघडं पडलं. उघडं पडावं असंही वाटलं.

"हे बघ," ते म्हणाले. अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी लोड दोनशे चारचा दोनशे सहा झाला होता. कोळसा तेवढाच, सहाही मिलचा. वाढलेले दोन मेगावॅट तेव्हापासून उतरले नव्हते. या टंचाईत दोन मेगावॅट म्हणजे दोन गावं, साहेब म्हणाले. पाहुणेही खूश होते. माझं नाव वरच्या पदासाठी पाठवलं होतं.

काल लोड पुन्हा दोनशे चारवर आला.

आज सकाळी साहेब खुर्चीमागं येऊन उभे राहिले. लोडचा आकडा बघितला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "शाकीब, मागं केलं होतंस तसं पुन्हा जमेल का?"

मी उत्तर द्यायच्या आत मिलकडचा फोन वाजला.