भूमिपुत्राचा नकाशा

डॉ. नसीम मुजावरांनी निकाल पडद्यावर आणला आणि लगेच चष्मा काढून पुसायला घेतला. बाईंची ही खोड दौलत सरनोबतांना चांगली ठाऊक होती. वाईट बातमी सांगायची असली की यांचा चष्मा हटकून मळायचा.

“केतकी बसत नाही,” बाई म्हणाल्या.

“बसत न्हाई म्हंजे? कशात?”

“भूमिपुत्र-नियमात. तुमच्याच नियमात, दौलतराव.”

‘तुमच्याच’ हा शब्द टोचला, पण खोटा नव्हता. कोल्हापूरबाहेरच्या माळावर राष्ट्रीय शर्यत-संघाची ही धावपट्टी आणि ही प्रयोगशाळा उभी राहायच्या कितीतरी आधी, ऐन उमेदीत, दौलतराव देशातले सगळ्यात वेगवान चालक होते. तेव्हा संघाने त्यांच्या हक्काच्या जागेवर एक परदेशी पाहुणा आणून बसवला. ‘पोरगं चांगलं आहे, पण अनुभव कमी पडतो,’ असं तेव्हाच्या साहेबांचं उत्तर. अहो, गाडीत बसवलंच नाही तर अनुभव काय आभाळातून पडणार? तेव्हापासून या माणसाने एकच पालुपद धरलं: संघाच्या दोन जागांपैकी एक तरी घरच्या पोराला द्या. वर्षानुवर्षं बैठका, निवेदनं, मिनतवाऱ्या. त्यात केस पिकले, आवाज बसला, चिडायची हौससुद्धा फिटली.

पुढे सगळेच देश रातोरात पासपोर्ट वाटून एकमेकांचे चालक पळवू लागले, तेव्हा कुठे जागतिक मंडळाला त्यांचं म्हणणं पटलं. पण घरचा कोण, हे ठरवायचं कसं? जन्मदाखला मिळवता येतो, आडनाव बदलता येतं. मेंदू मात्र बदलता येत नाही. म्हणून मेंदूची चाचणी आली. दौलतरावांनी त्या दिवशी केतकीसकट आपल्या शर्यत-तालमीतल्या सगळ्या पोरांना पेढे वाटले होते.

“डॉक्टर, मला परत एकदा सांगा. सोपं करून सांगा. डोकं चालंना झालंय माझं.”

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. “तीनशेच्या वेगात पुढचं दिसेल आणि मग हात हलवू म्हटलं, तर उशीर झालेला असतो. म्हणून दिसायच्या आधीच मेंदू अदमास बांधतो. पुढे काय येणार, कुठल्या बाजूने येणार. हा अदमास-नकाशा चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत पक्का होतो, आणि तो ज्या रस्त्यावर तुम्ही स्वतः चाक धरलं त्याच रस्त्याचा होतो. मागच्या सीटवर बसून होत नाही. नंतर पुसता येत नाही, दुसरा काढताही येत नाही. आपलं मज्जादर्शक यंत्र वेगवेगळ्या देशांचे रस्ते दाखवतं आणि कुठल्या रस्त्यावर मेंदू सगळ्यात आधी सावध होतो ते बघतं. तो तुमचा देश.”

“मग केतकी इचलकरंजीची हाय की! तिचा बा मागावर काम करतोय.”

“मेंदू बापाचं नाव विचारत नाही. हे बघा.”

पडद्यावर आपल्याकडचा एक साधा रस्ता आला. कडेला शेळ्या, उलट्या बाजूने आलेली मोटरसायकल. खाली केतकीच्या मेंदूची हिरवी रेघ सपाट पडून होती. शेळी आडवी आली, मग रेघ दचकली. मग बाईंनी दुसरा रस्ता लावला. उंच सूचिपर्णी झाडं, खडीची वाट, टेकाडामागून एकदम वळण. इथे प्रत्येक वळणाआधीच रेघ उसळी मारत होती.

“हे कुठलं?”

“फिनलंड.”

“अवो, तिनं पुण्याच्या पुढं पाय ठेवला न्हाई!”

“ती गेली नाही. फिनलंड इथं आलं होतं, दौलतराव. तुमच्या तालमीतल्या पेट्या.”

जागेवर बसून गाडी हाकल्याचा भास देणाऱ्या त्या भास-पेट्या दौलतरावांनीच आणल्या होत्या. जगातली उत्तम पेटी, खऱ्या गाडीसारखी हादरणारी, आणि तिच्यातले सगळे धडे तिच्या फिनलंडच्या बनवणाऱ्यांनी आपल्या गावाभोवतीच्या रस्त्यांवरून उचललेले. केतकी सहाव्या वर्षी त्या पेटीत बसली. आणि वस्ताद म्हणून दौलतरावांचा दंडक होता की तालमीतल्या पोराने रस्त्यावर चाकाला हात लावायचा नाही. ‘रस्त्यानं हात नासतो,’ असं ते येईल त्याला ऐकवायचे. एकदा केतकीने कुणाच्या तरी मोपेडवरून देवळापर्यंत चक्कर मारली, तर महिनाभर तिला गाड्या धुवायला लावल्या होत्या. किती कौतुक होतं त्यांना आपल्या त्या शिस्तीचं! हात नासला नाही, हे खरंच. पोर तेवढी परकी झाली.

“परवाना असलेली बाकीची तिघं?”

“तीच पेटी, तोच नकाशा.”

“रस्त्यावर शिकलेली पोरं गल्लोगल्ली हायत.”

“असतील. शर्यतीचा परवाना मिळवायला त्यांना तीन वर्षं लागतील. आपल्याला भूमिपुत्राच्या जागेचं नाव शनिवारी द्यायचंय; दुसऱ्या जागेचा करार परदेशी पाहुण्याशी आधीच झालाय. नाही दिलं तर संघ हंगामातून बाद.”

“मग द्यायचं कुणाचं?”

बाईंनी पुन्हा चष्मा काढला.

“यंत्र आणलं तेव्हा ते जुळवायला एक नमुना हवा होता. आठवतं? तुम्हीच आत जाऊन आडवे झाला होतात. रस्ते बघून संपल्यावर चक्क घोरत होतात.”

त्यांनी तो जुना आलेख लावला. तोच शेळ्यांचा रस्ता. पण इथली रेघ आधीपासूनच कान टवकारून बसली होती. शेळी यायच्या आधी उसळली, मोटरसायकल दिसायच्या आधी उसळली. पुढे काळोख्या वळणावर, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे तर थेट माथ्याला गेली. दोन क्षणांनी उजेडात उसाने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली आली.

दौलतराव बघतच राहिले. बाराव्या वर्षी ते वडिलांचा गुळाचा टेंपो हाकत होते. सीटवर पोतं ठेवून बसायचे, तेव्हा कुठे समोरचं दिसायचं. बिनदिव्याच्या ट्रॉलीचा वास आल्यासारखं व्हायचं त्यांना.

“गाड्यांची चाचणी घेता म्हणून परवाना तुम्ही चालू ठेवलाय,” बाई हळूच म्हणाल्या. “सगळ्या देशात दोन्ही अटींत बसणारा माणूस एकच आहे.”

“मी त्रेपन्न वर्साचा हाय, डॉक्टर. सकाळी वाकून बूट घालायला मला भिंत लागते.”

“वयाची अट तुम्हीच घालू दिली नाहीत. म्हणालात, उशिरा शिकलेल्या गरिबाच्या पोरावर अन्याय होईल.”

ज्या जागेसाठी माणूस उमेदीत तडफडला, ती जागा आता चालत दारात आली होती. आणि ती त्यांनी जिच्यासाठी भांडून मिळवली, तिच्याच ताटातून उचलून घ्यायची होती. त्यांना आनंद तर झाला नाहीच, धड रडूही येईना. नुसता शीण आला.

केतकी धावपट्टीच्या कठड्यावर बसली होती. निकाल जागतिक मंडळाच्या फलकावर लागत असल्याने तिला आधीच कळलं होतं.

“वस्ताद, फिनलंडच्या संघाचा फोन आलता,” ती म्हणाली. “तिकडं गाड्या आपल्या आपणच चालतात म्हणं. पोरांनी चाक हातात धरलेलंच न्हाई. त्यांना त्यांच्या रस्त्याचा माणूसच गावंना. मी त्यांची भूमिकन्या हाय म्हणं!”

ती हसायला लागली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि तिने तो ओढणीत लपवला.

“मी न्हाई जाणार. राखीव म्हणून बसते हितंच. पुढच्या वर्सी काय तरी नियम बदलंल.”

दौलतराव तिच्याशेजारी टेकले. थांब म्हटलं असतं तर ती थांबली असती, एवढी त्यांची पोरीला भीड होती. तेवढंच तर वाईट होतं.

“नियम बदलायला माझी अर्धी हयात गेली, पोरी,” ते म्हणाले. “चांगला हायस पण बस बाजूला, असं मला एकानं सांगितलं हुतं. आता मी तुला तेच सांगितलं, तर त्याच्यात न् माझ्यात फरक काय? जा तू. आणि तिकडं थंडी असती. कानाला बांध काय तरी.”

हंगामाची पहिली शर्यत नेमकी याच माळावर होती. कोल्हापूर लोटलं होतं. निवेदकाने आधी “फिनलंडची भूमिकन्या, केतकी मगदूम” असं जाहीर केलं आणि मग “भारताचा भूमिपुत्र, दौलत सरनोबत.” लोक दोघांसाठीही ओरडले, पण जरा चाचरतच. फिनलंडच्या निळ्या-पांढऱ्या गाडीला ‘नाद खुळा’ म्हणायचं की नाही, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना.

दौलतराव शेवटून पहिले होते. नियम पाळला जात होता, संघ हंगामात होता, पाठ ठणकत होती. स्वच्छ, रिकाम्या पट्टीवर प्रत्येक वळणाला त्यांचा मेंदू शेळी शोधत होता आणि दर वेळी वेग देणारा पाय उगाच अर्धवट उचलला जात होता.

शर्यत संपत आली तेव्हा आरशात निळी-पांढरी गाडी मोठी होत आली. केतकी पहिली होती आणि आता त्यांना एका फेरीने मागे टाकणार होती. तिच्या मागे लागूनच दुसरा होता. कशी आली होती पोर! दौलतराव डावीकडे सरकले. आणि काही विचार करायच्या आत त्यांचा उजवा हात गाडीबाहेर गेला आणि हवेत दोनदा पुढे झाला, गुळाचा टेंपो हाकताना जायचा तसाच. पुढं मोकळं हाय, ये बाई, जा.

टेंपोच्या त्या रस्त्यावर असा हात बघून मागचा कधीच थांबला नव्हता. केतकीने हात बघितला, पुढे काहीतरी घडलंय असं समजून वेग सोडला, आणि तेवढ्यात दुसरा दोघांच्याही बाजूने निघून गेला.

हात म्हणजे ‘जा’, हे तिच्या नकाशात नव्हतंच. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. ज्याने शिकवायचं, तो पुढच्या गाडीत अजून हात हलवत होता.