भोजलीची झालर

ही गोष्ट २००३ सालच्या मार्गशीर्षातली. रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन तीन वर्षं झाली होती, तरी तेलीबांध्याच्या तलावापुढे शहर संपायचं आणि धानाची शेतं लागायची. त्या शेतांच्या कडेला गौतमने सात खोल्यांचं मातीचं हॉटेल काढलं होतं. जेवायला पत्रावळी, प्लॅस्टिकला बंदी, दारांना कुलपाऐवजी बांबूची कडी.

खाजगी तपासाची कामं करणाऱ्या कौमुदीबाई तिथे पोचल्या तेव्हा बारा वाजत होते. सोबत त्यांचा मावसभाऊ दिवाकर, रेल्वेतून निवृत्त झालेला.

बोलावलं होतं विजयाबाईंनी. नागपूरच्या, पासष्टीच्या, नुकत्याच एकट्या झालेल्या.

"रोज सकाळी डबा उघडून बघते," त्या म्हणाल्या. "आज उघडाच ठेवून न्हायला गेले. आले तर झाकण लावलेलं, आत नुसता कडुनिंबाचा पाला. झालर नाही."

"कसली झालर?"

"धानाच्या लोंब्यांची. चिमण्यांसाठी दारावर टांगतात ती."

"व्हरांड्यात सात लटकून राहिल्या, ताई," दिवाकर म्हणाला. "एक घेऊन टाका."

"ती माझ्या भोजलीनं विणलेली आहे. माझ्या लग्नात."

विजयाबाईंचं माहेर रायपूरच्याच ब्राह्मणपाऱ्यातलं. तेराव्या वर्षी दूधवालीच्या मुलीशी त्यांनी भोजली बांधली होती. गव्हाचे कोवळे कोंब एकमेकींच्या कानावर खोचले, की बहिणीहून घट्ट नातं. ती मुलगी पुढे शहरातल्याच गुढियारीत दिली, विजयाबाई नागपूरला. चव्वेचाळीस वर्षांत भेट नाही.

"चार दिवस गुढियारीत फिरले. आज चारच्या गाडीनं परत. मुलगा मला बंगलोरला नेतोय, आता पुन्हा येणं व्हायचं नाही. ती सापडली नाहीच, निदान तिच्या हातचं तरी बरोबर असू दे."

"नाव काय तिचं?" दिवाकरने वही काढली.

"भोजली."

"ते नातं झालं. नाव?"

विजयाबाई डब्याचं झाकण पुसू लागल्या.

"इथे हॉटेलात कुणाला तिच्याबद्दल विचारलंत?" कौमुदीबाईंनी विचारलं.

"इथे कशाला?"

"झालर ओळखायची कशी?"

"गाठी उलट्या आहेत. ती डावखुरी होती."

कौमुदीबाईंनी डबा उघडला. पानं हिरवीगार, देठ ओले.

"पाला कधी घातलात?"

"नागपूरहून निघायच्या आधी. आठ दिवस झाले."

बाहेर येताच दिवाकर पुटपुटला, "चार दिवस काहून सापडली नाही ते समजलं. बाई नावच विसरून गेली."

शेजारच्या खोलीत पुण्याच्या क्षमा उतरल्या होत्या. लोककलेच्या वस्तू जमवायच्या. खोलीत डांबरगोळ्यांचा वास कोंदला होता. प्रत्येक पेटीत त्या मूठभर टाकत.

"मी मागितली होती झालर, प्रदर्शनासाठी. त्या नाही म्हणाल्या, मी विषय सोडला. शोधा हवं तर."

गौतम घामाघूम झाला होता. "दीदी, बदनामी हो जाएगी. मैं तो सुबह से खेत में था." खोल्या कोण झाडतं? भीमाबाई. व्हरांड्यातल्या झालरीही तिच्याच. सकाळी तासभर सायकलने घरी जाऊन आली होती.

भीमाबाई अंगणात नवी झालर विणत होती. उजव्या हातात विळा.

"मी झाडून गेले, दीदी. डबा नाई पाहिला."

"घरी का गेली होतीस?"

"दाई बीमार हाय, माही माय. गुढियारीले."

कौमुदीबाईंनी व्हरांड्यातल्या झालरी हाताने चाचपल्या आणि सगळ्यांना बोलावलं.

"चोर रिकाम्या डब्यात ताजा पाला घालत नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला वस्तू परत ठेवायची असते, तो घालतो. आठ दिवसांचा पाला वाळून चुरा झाला असता. क्षमाताईंनी डांबरगोळ्या टाकल्या असत्या. गौतमना झालर हवी असती तर भीमाबाईकडून हव्या तेवढ्या मिळाल्या असत्या. आता भीमाबाई. कापते उजव्या हाताने, पण हिच्या सगळ्या गाठी उलट्या. म्हणजे शिकवणारी डावखुरी. उघड्या डब्यात हिला आपल्या आईचा हात दिसला."

भीमाबाईने मान खाली घातली. "हव. दाईले दिसत नाई आता. हातात देऊन विचारू म्हनलं, तुहीच हाय का. पाहुन्याच्या सामानाले हात लावला का काम जाते, म्हनून बोलली नाई. तासाभरात आणून ठेवनार होती. पन दाईनं छातीशी धरली, सोडूनच नाई राहिली."

"अरे, पण ताईंनी नाव सांगितलं असतं तर," दिवाकर म्हणाला. "विसरल्या ना."

"विसरल्या नाहीत," कौमुदीबाई म्हणाल्या. "भोजली बांधली की एकमेकींचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. चार दिवस दारोदार फिरल्या, तरी त्यांनी घेतलं नाही."

"दाई पन नाई घेत," भीमाबाई म्हणाली. "बामनपाऱ्याची भोजली, एवढंच म्हनते."

विजयाबाई केव्हाच गौतमच्या जीपकडे निघाल्या होत्या.

गुढियारीच्या त्या खोलीत बाजेवर एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. विजयाबाई उंबऱ्यात थांबल्या. भोजली भोजलीला भेटली की म्हणते तेच त्या म्हणाल्या.

"सीताराम, भोजली."

म्हातारीने बाजेवर सरकून शेजारी जागा केली. "आ गे? बइठ."

चारच्या गाडीआधी दोघींना सव्वा तास मिळाला. झालर विजयाबाईंनी तिच्यापाशीच राहू दिली.

म्हातारी त्याच फाल्गुनात गेली. भीमाबाईची नोकरी राहिली. पुढे क्षमांनी तिला पुण्याच्या प्रदर्शनात विणायला नेलं. गौतमचं हॉटेल रस्ता रुंद होताना पाडलं गेलं, तो मुलीकडे भिलाईला राहतो. दिवाकर सात वर्षांपूर्वी वारला. कौमुदीबाईंनी गुडघ्यांमुळे तपासाची कामं सोडली. विजयाबाई बंगलोरला सहा वर्षं जगल्या. दर हिवाळ्यात मुलाला म्हणत, यंदा रायपूरला जाऊन येऊ. तो बरं म्हणे.