नागोजीमामांचं राहिलेलं हसू

त्या रविवारी स्टुडिओतला चावीचा कॅमेरा पिशवीत घालून मी राजाजीनगरच्या बसमध्ये बसलो, तो नागोजीमामांना हसवायला. ऐकून तुम्हालाच हसू येईल. पण एकोणसाठ सालच्या बेंगळुरात आमच्या धंद्यातल्या कुणालाही हे सांगितलं असतं, तर त्यानं 'लवकर जा' एवढंच म्हटलं असतं.

मामा सिनेमात होते. नाव तुमच्या कानावरून गेलेलं नसणार, कारण पडद्यावरच्या नावांत ते कधी आलंच नाही. मामा प्रेताचं काम करीत. मोठे नट अपशकुन नको म्हणून तिरडीवर झोपायला तयार नसत. मग तोंडावर चादर ओढून मामा झोपत. नायिकेचा बाप पहिल्याच रिळात मरायचा असला, तर तो बाप मामाच होत, आणि मग चादरीचीही गरज नसे. श्वास असा धरत, की नाकावर माशी बसून हातपाय पुसून निघून गेली तरी पापणी हलत नसे. एकदा एका नव्या नटीनं तर मामा खरंच गेले समजून सेट डोक्यावर घेतला होता. असा गुणी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आता आमच्यातली एक रीत सांगतो. प्रेताचं सोंग घेतलेल्या माणसानं तिथून उठण्याआधी कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, आणि ते हसू फिल्मवर घ्यायचं. तो तुकडा कुठल्याच चित्रात लागत नाही. पण तो घेतल्याशिवाय नटाला कुणी उठू देत नाही. हसू घ्यायचं राहून गेलं तर सोंग हे सोंग राहत नाही, मरण खरं धरलं जातं, असं जुने लोक म्हणत.

मामांचं हसू काढायचं काम भागूमामीकडे असे. दुपारच्या डब्यात चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, घेऊन ती सेटवर यायची. चिमणीएवढी बाई, पण सगळं युनिट तिला वचकून असायचं. शॉट संपला की ती कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला उभी राहायची आणि म्हणायची, "अहो, उठताय ना? चित्रान्न संपत आलं." की मामांचं पोट हलायला लागायचं, आणि मग सगळा सेट हसायचा. मामी माझी फार लाडकी होती. त्या वर्षी संक्रांतीनंतर ती गेली.

तिच्यामागे मामांनी पहिल्यांदा प्रेताचं काम घेतलं, तेव्हा शॉट झाला, पण हसू येईना. कॅमेरामननं वाट पाहिली, लोकांनी नकला केल्या. तेवढ्यात वीज गेली. उद्या घेऊ म्हणून सगळे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी तो सेट मोडला. मामा घरी आले आणि चटईवर आडवे झाले, ते उठेचनात. येत्या शुक्रवारी चित्र मॅजेस्टिकला लागणार होतं. लोकांनी त्यांना पडद्यावर मेलेलं पाहायच्या आत हसू घ्यायलाच हवं होतं.

राजाजीनगर तेव्हा नवं होतं. आखलेले प्लॉट, मधे दगडांचे ढीग, घाणेरीची झुडपं, आणि एखादंच घर. मामांच्या रस्त्याला अजून दिवे आले नव्हते. पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. दारात मामांची मुलगी राजलक्ष्मी उभी होती, आमची राजक्का.

"आलास विठू? बरं झालं," ती हळूच म्हणाली. "सकाळी मी त्यांच्या नाकाशी हात धरून बघते रे. कधीकधी... काहीच लागत नाही. मग मी हाक मारते, तेव्हा कुठे छाती हलते."

मामा मागच्या अंगणात चटईवर होते. सेटवर झोपत तसेच, पाय जुळवून, हात छातीवर. पायाशी एक कावळा बसला होता. मी टाळी वाजवली. कावळा उडाला नाही, फक्त थोडा सरकला.

"मामा, स्वल्प हसा. एवढंच काम," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. "हसू कुठनं आणू रे विठू? ते आणणारी गेली." आवाज लांबून आल्यासारखा होता.

मी नकला केल्या, माशीची गोष्ट सांगितली. राजक्कानंही डोळे पुसत पुसत काहीबाही विनोद केले. मामा ओठ ताणत, पण ते हसू नव्हतं. उजेड कमी होत चालला. शेवटी राजक्का त्यांच्या मागं उंबऱ्यात जाऊन बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. मी कॅमेऱ्याला चावी दिली, डोळा लावला, आणि जे होईल ते होवो म्हणून बटण दाबलं. चाकं गरगरू लागली.

तेव्हा वास आला. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, आणि वर लिंबू. चूल तर विझलेली होती. मागून काकणं किणकिणली... माझ्या डाव्या अंगाला. अंगणात आम्ही तिघंच होतो, आणि राजक्का मला समोर भिंगातून दिसत होती.

मामांनी त्या बाजूला पाहिलं. त्यांचा चेहरा आधी कोराच राहिला, मग गाल थरथरले, पोट हललं, आणि मामा हसले. खळखळून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! कावळा ओरडत उडून गेला. त्याच वेळी माझ्या डाव्या खांद्यावर हात पडला. मी भ्यालो नाही. मामीच ती, दुसरं कोण असणार? मला उलट रडू आलं. तिला एकदा बघावं म्हणून मान वळवणार, तोच मामा हसता हसता ओरडले, "कॅमेरा सोडू नको विठू! मागं बघू नको!"

चावी संपली. कॅमेरा थांबला. खांद्यावर वजन होतं तसंच होतं. मामा उठून बसले आणि म्हणाले, "राजी, भूक लागली गं." राजक्का त्यांच्या गळ्यात पडली. आम्ही तिघं अंधार पडेपर्यंत हसत होतो.

शुक्रवारी चित्र लागलं. मामा घरी ठणठणीत होते. त्या दुपारी आमचा एडिटर हयवदन यानं मला टेबलाशी बोलावलं. तुकडा धुऊन आला होता. "छान हसलेत नागोजण्णा," तो म्हणाला. "पण बघ, हे काय करतायत?"

त्यानं यंत्र हळूहळू फिरवलं. मामा कॅमेऱ्याच्या डावीकडे बघून हसू लागतात. मग त्यांची नजर सरकते. डावीकडून पुढे येते, अंगण ओलांडते, त्यांच्या चटईपाशी पोचते. मामा हसतहसत थोडे बाजूला सरतात आणि शेजारी जागा करून देतात. तिथं कुणी दिसत नाही, पण चटईची कड दबते. हे सगळं सुरुवातीलाच, कावळा उडायच्या आधी. नंतर मामा शेजारी बघून हसत राहतात. आणि मग ते मान वर करून माझ्याकडे बघतात. माझ्या खांद्याकडे. हसू तोंडावर तसंच असतं, पण डोळ्यांत ते नसतं.

हयवदनला तसंच सोडून मी उठलो. तडक मामांकडे गेलो. ते ओसरीवर बसून चित्रान्न खात होते.

"मामा, मामी तुमच्याजवळ येऊन बसली होती ना?"

"हो रे," ते लाजून म्हणाले. "आली ती बसलीच. मला न्यायला जो आला होता, त्याच्या आधी पोचली."

"मग माझ्या मागं..."

मामांचा घास हातातच राहिला. ते माझ्या डाव्या खांद्याकडे बघू लागले. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "विठू... त्यानं हात काढला का रे नंतर?"

मामा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, आणखी कितीतरी वेळा मेले आणि प्रत्येक वेळी हसून उठले. मी मात्र दर दिवाळीला बळेपेटेतल्या आमच्या शिंप्याकडे सदऱ्याचं माप द्यायला जातो. तो फीत लावतो, पुन्हा लावतो, आणि म्हणतो, "अण्णा, डावा खांदा गेल्या वर्षीपेक्षा स्वल्प खाली गेलाय."